बिलं घेऊन या, काका

"काकी, आत व्हा. काका कोपऱ्यावर आलेत," राजवर्धन म्हणाला, तशा शालूबाई घाईनं पडद्यामागच्या खोलीत जाऊन स्टुलावर टेकल्या. गुडघ्यातून कळ आली. ती त्यांनी पदर तोंडाशी धरून गिळली.

शिवाजी पेठेतल्या या करसल्लागाराकडं शालूबाई आणि त्यांचे नवरे आकाराम, दोघांचे कागद त्याच्या वडिलांच्या वेळेपासूनचे. पुढं एका भांडणातून दोन चुली झाल्या, कोर्टानं घटस्फोट दिला, पोटगी ठरली. करसल्लागार मात्र कुणीच बदलला नाही. आकाराम पेन्शनीतून पोटगी भरायचे, शालूबाई ती उत्पन्नात दाखवायच्या. राजवर्धन दोघांना वेगवेगळ्या दिवशी बोलवायचा.

मग कायदा बदलला. नव्या पद्धतीत कराचे दर उतरले आणि औषधपाण्याची सूट गेली. शालूबाईंच्या पोटगीला तर करच उरला नाही.

"आता काकांची बिलं लागायची नाहीत. फोनवरच काम होईल," राजवर्धन सहज बोलून गेला, तशा उठायला निघालेल्या शालूबाई पुन्हा खाली बसल्या.

"त्यास्नी सांगू नकोस, बाळा. दर साली बिलं घिऊन या म्हण. साखरेची गोळी खात्यात का न्हाय, तेवढं तरी कळंल मला."

मूलबाळ नाही. घरात बोलायला एक देव्हारा. एकादशीचं कीर्तन मात्र त्या चुकवत नसत. उत्तररंगात बुवांचा आवाज कातर झाला, की बाईमाणसानं एकटीनं रडलं तरी कुणी कारण विचारत नाही. पूर्वी दोघं जोडीनं जायचे. आकाराम झांज धरायचे. आता ते देवळाकडं फिरकतही नाहीत, असं कानावर होतं. मागच्या एकादशीला आरती झाल्यावर शालूबाईंना खांबाला धरून उठावं लागलं. कुणाचं लक्ष नव्हतं, तेवढी पांडुरंगाची कृपा.

आणि वर्षातून एकदा हा पडदा. पलीकडचा आवाज त्या कीर्तन ऐकावं तसा, जिवाचा कान करून ऐकायच्या.

"काय रं, सरकार अजून म्हाताऱ्याच्या गोळ्या मोजतंय व्हय?" आकाराम आले ते गरजतच.

"हळू बोला की, काका. मी समोरच बसलोय."

"माझा आवाजच तसला हाय. लिही. साखरेची गोळी, एक दिवस चुकली न्हाय. रक्तदाबाची, सकाळी. डोळ्याचं आपरेशन झालं. लांबचं बी झकास दिसतंय आता."

"आणि जेवण?"

"ते बी सरकारला पायजे?"

राजवर्धन गडबडला. "विचारलं आपलं."

"खानावळीचा डबा. आमटीत डाळ हुडकाय लागती. पण चाललंय म्हणावं."

पडद्याआड शालूबाईंना हसू फुटलं. लगेच डोळेही पुसावे लागले.

"आणि हे बिल?" राजवर्धननं कागद उजेडात धरला. "गुडघ्याचा पट्टा. बायकांच्या मापाचा?"

"व्हय."

"कुणाला?"

"हाय एकजण. लई सोसती, पण तोंड उघडत न्हाय."

शालूबाईंचं हसू ओठावरच विरलं. परक्या बाईच्या गुडघ्याचं माप कुणी घेत नाही. डबा खानावळीचा म्हणतात. कुणाच्या हातचा, देव जाणे. बरंच झालं की, विठ्ठला, असं म्हणायला त्या गेल्या. मनात आलं ते नुसतं ‘विठ्ठला’.

खुर्ची सरकली. पावलं दाराकडं गेली. राजवर्धननं पडदा सारला तेव्हा शालूबाई भिंतीला धरून उठत होत्या.

"सांगून टाक बाबा त्यास्नी, बिलं नकोत म्हणून," त्या म्हणाल्या. "त्यांचं बघणारं माणूस मिळालंय. आता माझं हितं काय काम?"

तेवढ्यात राजवर्धनचं लक्ष खुर्चीकडं गेलं. तिथं कापडी पिशवी होती आणि पिशवीत नवाकोरा पट्टा.

"अहो काका!" तो दाराकडं बघून ओरडला. "पट्टा विसरला की!"

पायरीवरून आवाज आला, नेहमीसारखाच मोठा.

"इसरलो न्हाय रं! पडद्यामागं बसलीया तिला दे. एकादशीला खांब धरून उठत हुती. आणि बिलं लागत न्हाईत, ते मला पयल्याच वर्षी कळलंय!"