निवडीचं कारण

कालपर्यंत जिला साधी सरासरी काढायला शिकवलं, ती ऋजुता आता औषध शोधून नाव कमावणार, या विचारानेच पेठेबाईंच्या पोटात दुखत होतं. त्यात तिचे आकडे तपासायला त्यांच्याकडेच आले. औषधाआधी आणि औषधानंतर तपासलेली चाळीस माणसं तीच होती, तरी बाईंनी मुद्दाम दोन वेगळ्या गटांसाठीची संख्याशास्त्रीय चाचणी लावली. औषधाचा गुण आकड्यांतून पार नाहीसा झाला.

नियमाप्रमाणे, चाचणी निवडण्याचं खरं कारण नोंदवणाऱ्या यंत्रावर तळहात ठेवताना बाईंनी चेहरा अगदी शांत ठेवला. पण यंत्र चेहरा वाचत नव्हतं. अहवालाखाली छापून आलं, ‘ही चाचणी निवडण्याचं कारण: मत्सर.’

संध्याकाळी ऋजुताचा फोन आला.

“बाई, अहवाल वाचला. तपासायला तुमचं नाव मीच सुचवलं होतं.”