नाव चुकले

“एकच सांगा, बायजाबाई. तुमच्यावर हा आळ पहिल्यांदा कोणी घेतला?”

दवाखान्यातल्या खाटेवर बायजाबाईने चादर हनुवटीपर्यंत ओढली. तिचे पुढचे दात आता नव्हते. चेटकिणीला मंत्र नीट म्हणता येऊ नये म्हणून ते दगडाने पाडतात. उच्चारशुद्धीविषयी इतकी आस्था नागपूरच्या पाठशाळांतही क्वचितच आढळली असती.

“नाव निघालं, वकीलबाई. नाव कोणी घेत नसते.”

अरुंधती सीताबर्डीवर वकिली करीत होती. त्या वर्षी, म्हणजे १९७१च्या उन्हाळ्यात, काटोलकडच्या एका खेड्यात तीन मुले हगवणीने गेली. त्यापायी साठीच्या या बाईचा हात मोडून तिला चावडीसमोर टाकून देण्यात आले. वर्तमानपत्रातल्या चार ओळी वाचून अरुंधतीने खटला स्वतःहून अंगावर घेतला होता. विहिरीचे पाणी कोणी तपासले नव्हते. गावाने त्याऐवजी देवाजी भगताला बसवले होते.

पद्धत तिने नीट समजून घेतली होती. देवाजी पंचांसमोर सुपात ज्वारी घेऊन बसतो. गावातल्या बायांची नावे घेत सूप हलवतो. ज्या नावाला दाणे बाहेर सांडतात, ती चेटकीण. नाव निघाल्याशिवाय बैठक मोडत नाही. आणि निघालेले नाव चुकले असे ठरले, तर बैठक पुन्हा बसते. आपल्या न्यायालयांपेक्षा ही व्यवस्था एका बाबतीत निश्चित सरस होती. तिथे काहीही प्रलंबित राहत नसे.

पण सुपामागे माणूस असतो. देवाजीच्या कानात नाव आधीच कोणीतरी घातलेले असणार. अरुंधतीला तो माणूस हवा होता, आणि तो कोण याविषयी तिचा तर्क झालेला होता.

दुपारी वच्छला आली. ही बायजाबाईची विधवा सून, मूलबाळ नव्हते. रोज एसटीने येऊन ती दुधात कुस्करलेली भाकर सासूला भरवी आणि तिच्या नजरेला नजर न देता परत जाई.

“सून पाहा वं बायजे!” शेजारच्या खाटेवरची इंदूबाई म्हणाली. “माही तं डबा पाठवते, अन् जेवाच्या आधीच डबा वापस मांगते.”

“तुह्या जिभेले भेत अशीन ते,” बायजाबाई हसली, आणि लगेच तोंडावर पदर घेतला.

वच्छला हसली नाही. ती निघाली तेव्हा अरुंधतीने तिला व्हरांड्यात गाठले.

“सासूमागे घर कोणाचं? संत्र्याची झाडं कोणाची?”

“मले नका विचारू, बाई.”

“बैठकीला होतीस ना तू?”

“होती.”

“मग गप्प का बसलीस?”

वच्छला भिंतीला टेकली. “मले जगूच नाही वाटत, बाई,” ती म्हणाली.

अरुंधतीला तेवढे पुरेसे होते. अपराध्याच्या तोंडी असेच वाक्य येते, हे तिला ठाऊक होते; माणसांविषयी तिने बरेच वाचले होते.

ती खाटेपाशी परतली तेव्हा बायजाबाईने तिचा हात घट्ट धरला. “तिले काहून बोलल्या? मी चेटकीण आहो असं लिहून घ्या, अन् केस सोडून द्या. पाया पडतो तुमच्या.”

“असं म्हणू नका. फार छळ सोसला की आळही खरा वाटू लागतो माणसाला.”

याही विषयावर तिचे वाचन होते.

त्यानंतर तिने वेळ दवडला नाही. दगड उचलणारे हात पुष्कळ होते. सूप एकाचेच होते. फौजदाराला घेऊन ती जीपने खेड्यात गेली. बेड्या पाहताच देवाजीच्या अंगातले वारे उतरले. सारे गाव चावडीवर बोलावण्यात आले.

“नाव चुकलं,” देवाजी म्हणाला. “बायजाबाई निर्दोष हाय.”

“मोठ्यानं.”

तो मोठ्याने म्हणाला. मग फौजदाराकडे वळला. “आता सोडता नं मले, साहेब?”

ठरल्याप्रमाणे त्याला सोडण्यात आले. गावातल्या कोणीही मान वर केली नाही. ती शरम आहे, असे अरुंधतीने मानले. बायांच्या मागे वच्छला उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडलेला पाहून अरुंधतीला, खरे सांगायचे तर, समाधानच वाटले.

दुसऱ्या दिवशी ती संत्रा बर्फीचा पुडा घेऊन दवाखान्यात आली.

“तुमचं नाव पुसलं, बायजाबाई. चुकलं म्हणून देवाजीनं गावासमोर कबूल केलं.”

बायजाबाईने बर्फीला हात लावला नाही. “साऱ्या गावासमोर?”

“साऱ्या. आता ताठ मानेनं घरी जायचं.”

“अन् देवाजी कुठी हाय?”

“सोडला त्याला. आता कोण विचारतंय त्याच्या सुपाला?”

दुपार कलली होती. इंदूबाईचा डबा येऊन परतही गेला होता. भाकर घेऊन मात्र अजून कोणी आले नव्हते.

मोडका हात छातीशी धरून बायजाबाई खाटेवरून उतरू लागली. अरुंधतीने तिला अडवले.

“सोडा मले,” ती म्हणाली. “तवा सुपातून वच्छलाचं नाव निघालं होतं, वकीलबाई. लेकरं म्या खाल्ले, असं मीच उठून ओरडली.”