न जळणारी खोली

तुका सुताराने तक्त्याचा तुकडा अंगणातल्या चुलीच्या जाळावर धरला. वरचा कागद काळा पडून सोलून आला, पण आतला पांढरा थर तसाच राहिला. त्याने तो हौशीपुढे केला.

"मागच्या बाजूनं हात लाव."

हौशीने लावला. तक्ता कोमट होता.

"याच्या पोटात पाणी असतं, बाय. खडूसारख्या मातीत मुरलेलं. आग लागली की आधी त्या पाण्याची वाफ होते, मग जाळ पुढं सरकतो. तक्ता आग विझवत नाही, वेळ देतो."

"किती येळ?"

"अर्धा तास धर."

"तवढ्यात दार उघडता येतंय," ती नवऱ्याकडे बघून म्हणाली.  कोपरापर्यंत भाजलेले हात मांडीवर ठेवून भिका उंबऱ्याशी बसला होता.

जव्हार संस्थान विलीन होऊन पाच वर्षं झाली होती. मोखाड्याला सरकारी दप्तरं ठेवायला नवी खोली बांधत होते, तिच्यासाठी हे तक्ते मुंबईहून आले होते. कोपरे फुटलेले तक्ते ओव्हरसियरने बाजूला टाकले. तिथे माती वाहणाऱ्या भिकाने ते मागून घेतले आणि एका खेपेला एक, असे डोक्यावरून सूर्यमाळेच्या वाटेवरच्या आपल्या घरी आणले.

घर एकटंच होतं. दोनदा आग लागल्यावर पाड्याने त्यांना बाहेर काढलं होतं. पहिल्यांदा त्यांच्याच घराचा पेंढा जळाला, दुसऱ्यांदा शेजारचा गोठा. पंचांपुढे भिकाने स्वतःच सांगितलं होतं, झोपेत उठतो, हात काय करतात ते कळत नाही. तेव्हापासून विस्तव मागायला त्यांच्याकडे कोणी येत नव्हतं. पाणी भरायचं तेही सगळ्यांचं भरून झाल्यावर. नवशा पाटलाने बजावलं होतं, आता एकदा जरी आग लागली तर भिकाला ठाण्याला, वेड्यांच्या इस्पितळात धाडणार.

तुकाने आतल्या खोलीच्या कारवीच्या कुडावर लाकडी पट्ट्या ठोकल्या, पट्ट्यांवर तक्ते. वर पेंढा होता, म्हणून छताला दोन थर दिले.

"सांधे नीट भर," त्याने हौशीला सांगितलं. "आग तक्त्यातून जात नाही, फटीतून जाते."

हौशीने जुन्या लुगड्याच्या पट्ट्या तुकाने कालवून दिलेल्या पांढऱ्या लगद्यात बुडवल्या आणि एकेक सांधा अंगठ्याने दाबत नेला. दोन दिवस ती तेच करत होती.

"राजाचा खजिना ठेवायचाय जणू," तुका म्हणाला.

"आमचा खजिना घोरतो," भिका म्हणाला.

हौशी तोंडाला पदर लावून हसली. दोन दिवसांत ती पहिल्यांदाच हसत होती.

तुकाला तिची कीव आली. "मन लहान करू नको, बाय. खालच्या एका पाड्यावर गोठा पेटला, तर एका बाईला भुताळी, चेटकीण ठरवली. का, तर ती तिथं दिसली होती. दगडं मारत काढली, पुन्हा कोणाला दिसली नाही. त्यापेक्षा वेडा नवरा बरा."

हौशीने पट्टी दाबून बसवली.

"बरा हाय," ती म्हणाली.

खिडकी तिने खाली ठेवायला लावली, बसलेल्या माणसाला पाडा दिसेल इतकी खाली.

"पाडा कशाला?"

"पहाटंला चुली पेटतात. त्या दिसतील."

"जाळ बघायची हौस फिटली नाही वाटतं अजून."

"जाळ नाय, दादा. चुलीपाशी माणसं असतात."

 आता फक्त दाराची कडी राहिली होती. ती बाहेरच्या बाजूला हवी, असं भिकाने आधीच सांगून ठेवलं होतं. तुकाने ती ठोकली, दोनदा ओढून पाहिली, आणि त्याला उगाच अवघडल्यासारखं झालं.

"वाईट वाटून घेऊ नको, भिका," तो म्हणाला. "आजच झोपून बघ. चार महिने आग लागली नाही, तर नवशा पाटील परत पाड्यात घेईल."

"घेईल," भिका म्हणाला.

दिवस मावळायच्या आत मोखाडा गाठायचं म्हणून तुकाने हत्यारांची पिशवी खांद्याला लावली. वळणापाशी त्याने मागे पाहिलं. दोघं अंगणात उभी होती. त्याने हात केला, आणि उतरणीला लागला.

तो दिसेनासा होईपर्यंत दोघं तिथंच उभी राहिली. मग भिकाने आतल्या खोलीत चटई टाकली, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला, चूल पाणी ओतून विझवली.

हौशीने अंबाडा सोडला, लुगड्याच्या ओच्याची गाठ सोडून झटकून दाखवली, कुठंच काडी नाही म्हणून रिकामे तळवे त्याच्यापुढे धरले, मग आत गेली. आणि भिकाने बाहेरून कडी लावली.