कोरीव मूर्ती

चर्चच्या पंचकमिटीने रत्नमालाबाईंना उभेच ठेवले होते. मृत पतीच्या तसबिरीला त्यांनी झेंडूचा हार घातला, एवढाच त्यांचा अपराध.

"ही मूर्तिपूजा आहे, बाई. हार काढा, नाहीतर चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला बंद!" सेक्रेटरी योनाथराव गरजले.

"मग गेल्या रविवारी चालू प्रार्थना सोडून आमदारांच्या पाया कोण पडलं, भाऊ?"

"देवाच्या दहा आज्ञांत कोरीव मूर्ती म्हटलंय. आमदार जिवंत आहेत!"

"जिवंत आहेत, म्हणून तर तुम्हाला सभागृह बांधून देणार. माझा माणूस आता मला काहीच देऊ शकत नाही. तरी मी हार घालते."

योनाथरावांनी सभासदांची वही ओढली आणि रत्नमालाबाईंचे नाव, पट्टी लावून, सरळ रेषेत खोडले.