मधली जागा

वडील गेल्यावर, त्यांनी बनवलेली गावातल्या पक्ष्यांची वेबसाइट कायमची बंद करायला शलाकाने त्यांचा ओपन सोर्स एडिटर उघडला. कोड लिहायचं साधंसंच सॉफ्टवेअर, पण त्यात फाइल उघडली की ती लिहिणाऱ्याच्याच वेगाने, चुकांसकट पुन्हा टाइप होई.

कर्सर मध्येच थबकला. "चष्मा पुसतायत," शेजारी बसलेली आई म्हणाली.

बाबा आधी टॅग, म्हणजे मजकुराच्या दोन्ही टोकांना लागणारी खूण, उघडून लगेच बंद करायचे, मग मागे येऊन मधला मजकूर भरायचे. त्यांना दवाखान्यात नेलं त्या सकाळच्या शेवटच्या ओळीतही टॅग उघडला, बंद झाला. कर्सर मागे आला आणि तिथेच लुकलुकत राहिला.

"संपलं, आई. करू बंद?"

"अगं, जागा ठेवलीये ना त्यांनी!" आईने कीबोर्ड पुढ्यात ओढला. "काल विहिरीवर खंड्या आला होता. कसं लिहायचं, सांग."