पंखांची चव

"पानात टाकून उठलास, तर लग्न विसर," फाटकाची कडी काढता काढता रोसाल्वा कुजबुजली. "गेल्या हंगामात ताईला मागणी घालायला एक जण आला होता. ताटातला एक भुंगा त्याने चावला आणि थुंकून टाकला. माझ्या तातांगांनी त्याला साधी कॉफीसुद्धा विचारली नाही."

मनिलात वाढलेल्या डेल्फिनने मान हलवली. अंगणात कोंबड्या तपकिरी, चकचकीत फोलपटे टिपत होत्या. शेंगदाण्यांची असावीत, असे त्याला वाटले.

रोसाल्वाचे वडील, तातांग प्रिमितिव्हो, मेजाशी आधीच बसले होते. एवढ्या उकाड्यातही त्यांनी मोठाल्या खिशांचे जाड जाकीट चढवले होते. पायाशी त्यांचा लठ्ठ कुत्रा लोळत होता. रोसाल्वाच्या आईने, नानांग सेगुंडांनी, भुंग्यांचे पातेले मध्यभागी ठेवले. उसाच्या शिरक्याचा आणि लसणाचा वास घरभर दरवळला.

"लाजतोस काय? वाढून घे!" तातांग गरजले. "भुंगा न खाणारा पुरुष या घराचा जावई व्हायचा नाही, सांगून ठेवतो."

"यांचं बघून शीक," नानांग कौतुकाने म्हणाल्या. "माझे दोन घास होत नाहीत, तोवर यांचं ताट साफ!"

डेल्फिनने भुंगा उचलला, तोंडाशी नेला आणि हळूच मांडीवरच्या रुमालात सोडला. भात तेवढा चावला. पुन्हा तेच केले. तातांगांचे त्याच्याकडे लक्षच नव्हते. त्यांचा एक हात मेजाखाली होता आणि कुत्रा जमिनीवर शेपूट आपटत होता.

"कसे झालेत, बाळा?" नानांगांनी विचारले.

नुसते 'छान' म्हणून भागले असते. पण रोसाल्वाचे डोळे त्याच्यावरच खिळले होते.

"अप्रतिम, नानांग! त्यातून ते पंख! काय कुरकुरीत लागतात!"

रोसाल्वाचा घास हातातच राहिला. नानांग त्याच्याकडे पाहतच राहिल्या. आपण असे काय वावगे बोललो, हे डेल्फिनला उमजेना. रुमालावरची त्याची मूठ घट्ट झाली.

तेवढ्यात तातांगांनी मेजावर थाप मारली.

"शाबास! याला म्हणतात खवय्या! अरे, पंखांसाठीच तर मी ताटभर खातो. रोसाल्वा, पोरगा मला पसंत आहे!"

डेल्फिनने सुटकेचा श्वास सोडला. पण रोसाल्वा हसली नाही. आपण जिंकलो की हरलो, हेच त्याला कळेना. नानांगांची नजर तर त्याच्यावरून केव्हाच ढळली होती. ती आता नवऱ्याच्या जाकिटाच्या खिशांवर स्थिरावली होती.

"अहो," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "भुंगे शिजवण्याआधी पंख उपटून मी कोंबड्यांना घालते. लग्न झाल्यापासून घालते."