झोपमोड

साहेबांनी नव्या गादीवर आडवं पडून फोटो काढून घेतला, खाली लिहिलं, ‘या गादीवर कुणाची पाठ आखडली तर नाव बदलीन’, आणि पोस्ट टाकून शिव्यांची वाट बघत बसले.

पाठ त्यांची स्वतःचीच आखडली होती. काल रात्री गादी घरी नेऊन ते तिच्यावर झोपले होते, आणि सकाळी भिंत धरून उठले होते. आता गादी वाईट, की आपली पाठ म्हातारी, एवढंच कळायला हवं होतं. खाली कारखान्याच्या आवारात याच गाद्यांचे ट्रक भरून उभे होते. गाद्या एकदा दुकानांत गेल्या आणि गिऱ्हाईक कण्हत परत आलं, की आयुष्यभर कमावलेलं नाव मातीत गेलं.

तशीच एकेक गादी त्यांनी ऑफिसातल्या लोकांनाही घरी दिली होती, म्हणून सकाळी त्यांनी सगळ्यांना विचारून पाहिलं. मॅनेजर म्हणाला, अशी गादी झाली नाही. जावई म्हणाला, तो इतका गाढ झोपला की गादी कशी होती ते आठवतच नाही. साहेबांनी मुद्दाम म्हणून पाहिलं, मला जरा कडक वाटते. त्याबरोबर ती सगळ्यांना कडक वाटू लागली. नाही, तशी मऊच आहे, असं म्हटल्यावर मऊही झाली.

एवढा मोठा माणूस सारखा फोनवर पोस्टी टाकत बसतो, म्हणजे मिरवायची हौस, असं लोकांना वाटायचं. हौस होतीच, नाही कशाला म्हणा. पण खरी गोडी वेगळी होती. या इमारतीत त्यांना तोंडावर ‘नाही’ म्हणणारं माणूस औषधालाही उरलं नव्हतं, आणि फोनमध्ये एक होता. ‘झोपमोड’ या नावाने लिहायचा, आणि साहेबांच्या प्रत्येक पोस्टीखाली त्यांची सालटी काढायचा. त्यांच्या वार्षिक भाषणाला तो झोपेची गोळी म्हणाला होता. ते वाचून साहेब केबिनमध्ये एकटेच पोट धरधरून हसले होते, आणि पुढचं भाषण त्यांनी निम्म्यावर आणलं होतं.

फोन वाजला. साहेबांनी घाईघाईने चष्मा लावला.

‘गादी कसली, फरशीला खोळ घातली आहे. साहेब, आधी स्वतः रात्रभर झोपून दाखवा.’

साहेबांना इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. मग त्यांचं लक्ष नावाकडे गेलं. तिथे झोपमोड नव्हता. त्यांच्याच कंपनीचं नाव होतं. ते बघत असतानाच ती ओळ नाहीशी झाली आणि थोड्या वेळाने तीच, शब्दन् शब्द, पुन्हा उगवली. आता नाव झोपमोडचं होतं.

त्यांनी जाहिरात विभागाच्या बाईंना वर बोलावलं. बाई दारातच उभ्या राहिल्या, चेहरा पांढराफटक.

"खातं बदलायचं राहून गेलं, साहेब," त्या म्हणाल्या. "घाई झाली."

मग एकेक करत सगळं बाहेर आलं. झोपमोड पहिल्यापासून खालच्याच मजल्यावर राहत होता. साहेबांना विरोध मानवतो, हे जावयाच्या लक्षात आलं होतं. बाहेरचे लोक काय वाट्टेल ते लिहितात, त्यापेक्षा विरोधक घरचाच बरा, असं ठरलं. त्याने काय बोलायचं ते सोमवारच्या बैठकीत पक्कं व्हायचं. झोपेच्या गोळीची कल्पना मॅनेजरची, आणि ती एकमताने मंजूर झाली होती.

साहेबांना धड रागही आला नाही. खोलीची दारं-खिडक्या कुणी बाहेरून लावून घेतल्यासारखं वाटलं. त्यांचा हात आपोआप कमरेवर गेला.

"ते जाऊ द्या. तुम्ही झोपलात त्या गादीवर?"

"हो, साहेब."

"मग?"

बाईंनी त्यांच्या कमरेवरच्या हाताकडे पाहिलं. "कडक आहे, साहेब. माझीही पाठ धरली."

साहेब पुढे झुकले. "खरंच? की माझंच वय झालंय?"

"तेही असेल, साहेब."

खाली पहिला ट्रक सुरू झाला. साहेबांना घाम फुटला. इतक्या वर्षांत कुणापुढे काढला नसेल असा आवाज त्यांनी काढला.

"बाई, हात जोडतो. मी तुमचा साहेब नाही असं समजा. तुम्ही झोपमोड आहात. आता सांगा, ट्रक सोडू की नको?"

बाईंना त्यांची दया आली असावी. त्यांनी फोन काढला, झोपमोडचं खातं उघडलं, या वेळी नाव नीट तपासून घेतलं. मग अक्षरांवर बोट ठेवून त्यांनी अदबीने वर पाहिलं.

"त्याने काय म्हणायचं, साहेब?"